पुतण्याच्या मांडीतला रॉड

गेल्या जुलैत माझ्या पुतण्याचे उजव्या मांडीचे हाड मोडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यात ३८० मिलिमीटर लांबीचा व १० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा रॉड बसला. पुढच्या पंधरा दिवसांत शहाळी घेऊन भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने दोनच प्रश्न विचारले: रॉड इम्पोर्टेड टाकला की इंडियन, आणि तो काढणार कधी. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु पिंपरीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षे भोके पाडण्यात आणि ती मापात आहेत की नाहीत हे तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला या शस्त्रक्रियेत विचारण्यासारखे दुसरेच बरेच काही दिसले. मी डॉक्टर नाही. सर्जनांनी माझ्या शंकांना जी उत्तरे दिली, त्यानंतर मी जे वाचले आणि घरात जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच येथे लिहीत आहे. उपचाराचा निर्णय ज्याने त्याने आपल्या सर्जनांशी बोलूनच घ्यावा.

अपघात वारज्याजवळ महामार्गाच्या सेवा रस्त्यावर झाला. रात्रीचे नऊ वाजले होते, पाऊस होता, रस्त्यावर खडी पसरलेली होती आणि पुढचा टेम्पो इशारा न देता वळला. हेल्मेट असल्यामुळे डोके वाचले. थांबलेल्या दोघांनी त्याला काखेत हात घालून रिक्षात कोंबण्याऐवजी १०८ ला फोन केला, याबद्दल त्या अनोळखी माणसांचे आभार मानावे तेवढे थोडेच. मांडीचे मोडलेले हाड तसेच हलवत नेले की त्याची टोके स्नायूंत घुसत राहतात, आणि मांडी ही रक्त लपवून ठेवण्याच्या बाबतीत फसवी जागा आहे. कातडी न फाटतासुद्धा तिच्यात एक ते दीड लिटर रक्त साठू शकते. आमच्या मुलाचे हिमोग्लोबिन दुसऱ्या दिवशी सकाळी ९.८ वर आले होते, आणि बाहेर रक्ताचा थेंबही सांडलेला नव्हता.

रुग्णालयात पोहोचताच जांघेजवळ इंजेक्शन देऊन मांडीची नस बधिर केली गेली आणि पाय थॉमस स्प्लिंटमध्ये बांधला गेला. लोखंडी कडे आणि दोन लांब सळया एवढाच तो सांगाडा. कारखान्यातला कोणताही फिटर तासाभरात तो वाकवून देईल. नंतर वाचताना कळले, की तो एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी गुडघ्याच्या क्षयासाठी बनवला होता आणि हे थॉमस पिढीजात हाडे बसवणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या हाडवैद्यांसारख्या घराण्यातले होते. त्यांच्या हयातीत त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पहिल्या महायुद्धात त्यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी हा स्प्लिंट आघाडीवर नेला, तेव्हा मांडीच्या गोळीबाराच्या जखमांनी होणारे मृत्यू इतके घटले की ब्रिटिश सैन्यात तो स्ट्रेचरवाल्यांना डोळे बांधून लावायला शिकवत असत. शंभर वर्षांनंतरही पुण्याच्या कॅज्युअल्टीत पहिल्या दहा मिनिटांत तोच लागतो, याचा मला अतिशय आनंद झाला. चांगले जिग, म्हणजे काम नेमक्या जागी धरून ठेवणारे साधन, लवकर निवृत्त होत नाही.

एक्स-रेवर मोड स्पष्ट होता. हाड मध्यभागी तुटून वरचा तुकडा पुढे व बाहेर वळला होता, खालचा तुकडा त्याच्या मागे सरकून वर चढला होता आणि मध्ये फुलपाखराच्या पंखासारखा एक त्रिकोणी तुकडा वेगळा झाला होता. हे आपोआप घडत नाही, स्नायू ते घडवतात. मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत ताकदवान. आतला आधार गेला की ते दोन्ही टोकांना एकमेकांवर ओढतात, म्हणूनच मोडलेली मांडी आखूड व फुगीर दिसते. मात्र सर्जन त्या ठळक मोडाकडे न पाहता फिल्मच्या वरच्या कोपऱ्यात बराच वेळ पाहत राहिले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “काका, मांडी मोडलीय हे वॉर्डबॉयलाही दिसतंय. मी खुब्याची मान बघतोय.” जोराच्या अपघातात मांडीच्या हाडाच्या मधल्या लांब भागाबरोबर खुब्याच्या मानेलाही, म्हणजे हाडाच्या वरच्या गोळ्याखालच्या अरुंद भागालाही, बारीक तडा जाऊ शकतो. असे रुग्ण थोडे असतात, पण ठळक मोडाच्या गडबडीत तो तडा नजरेतून सुटण्याचे प्रमाण त्यांच्यात बरेच आहे आणि सुटला तर तरुण माणसाचा खुबा कायमचा बिघडू शकतो. म्हणून त्यांनी खुब्याचा बारीक कापांचा सीटी स्कॅन करून घेतला. मान शाबूत होती. बिलात ही रक्कम पाहून माझ्या भावाच्या कपाळावर आठी पडली होती. मला मात्र तो सगळ्यांत सार्थकी लागलेला खर्च वाटला.

त्या रात्री नातेवाइकांत एक वाद झाला. एका ज्येष्ठ नातलगांचे म्हणणे होते, की सूज उतरू द्यावी, दोन-चार दिवस थांबावे, घाई करू नये. हा सल्ला घोट्याच्या मोडाला कदाचित लागू पडतो. तेथे कातडी पातळ असते आणि सुजेवर घातलेला छेद भरत नाही. मांडीचे गणित वेगळे आहे. मोडलेले लांब हाड हलते राहिले की त्यातील मज्जेची चरबी रक्तात मिसळून फुप्फुसांत व मेंदूत अडकू शकते. दुखापतीनंतर एक ते तीन दिवसांत रुग्णाला धाप लागणे, तो गोंधळल्यासारखा बोलणे, छातीवर व काखेत लाल ठिपके उठणे ही त्याची लक्षणे. शिवाय पाठीवर जखडलेल्या माणसाच्या छातीत कफ साचतो आणि पायाच्या शिरांत गाठी होतात. अमेरिकेतील डॅलस येथे १७८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या २४ तासांत हाड स्थिर केलेल्यांना फुप्फुसांचा त्रास कमी झाल्याचे दिसले, विशेषतः ज्यांना अनेक जखमा होत्या त्यांच्यात. तेव्हापासून जगभर घाईची बाजू वरचढ ठरली. तिलाही पुढे मर्यादा पडली: छातीला किंवा डोक्याला जबर मार असेल, रक्तदाब टिकत नसेल, तर लगेच रॉड टाकणे हाच दुसरा आघात ठरू शकतो, आणि अशा वेळी बाहेरून सळयांचा तात्पुरता सांगाडा लावून रुग्ण सावरेपर्यंत थांबतात. आमच्या मुलाला दुसरी इजा नव्हती, त्यामुळे थांबण्याचे कारणही नव्हते. नर्स रात्रभर त्याच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा पाहत होत्या, आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो.

थांबणे म्हणजे काय असते, हे आमच्या घराण्याने पूर्वी पाहिलेले आहे. माझ्या मामांची मांडी १९७४ मध्ये मोडली. तेव्हा पुण्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात त्यांच्या गुडघ्याखालच्या हाडातून आरपार सळई घालून, दोरी व कप्पीवरून वजन लोंबकळत ठेवले होते. पलंगाचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवले होते, जेणेकरून त्यांचे स्वतःचे वजन विरुद्ध दिशेने ओढ देईल. तीन महिने ते त्याच स्थितीत होते. आम्ही मुले डबा घेऊन जात असू आणि वजनाला झोका देऊ नये म्हणून आई दारातूनच दटावत असे. हाड जुळले, पण पाय इंचभर आखूड राहिला आणि गुडघा पुन्हा कधी पूर्ण वाकला नाही. पुढे आयुष्यभर ते पंगतीत पाय लांब करून बसले. उपचार करणाऱ्यांनी त्यात काही कसूर केली असे मला वाटत नाही. त्या काळी पुण्यात बहुतेकांच्या वाट्याला वजनाची ओढच येत असे.

गंमत अशी, की हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा घालण्याची कल्पना तोवर ३५ वर्षांची झाली होती. जर्मनीतील कील येथे गेरहार्ड क्युन्चर यांनी १९३९ मध्ये मांडीच्या हाडात पहिला असा दांडा बसवला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेले दोस्त सैनिक सुटून मायदेशी आले, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना त्यांच्या एक्स-रेमध्ये मांडीच्या आत लांबच लांब धातूची सळई दिसली आणि ते चक्रावून गेले. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने १९४५ मध्ये त्यावर मजकूर छापला होता. क्युन्चर यांच्या दांड्याचा छेद तीन पाकळ्यांच्या पानासारखा होता आणि त्याला लांबीभर चीर होती. पोकळीत ठोकताना तो किंचित दबावा व मग आतून भिंतींना घट्ट धरावा, हा त्यातला हेतू. टूलरूमच्या भाषेत सांगायचे तर ती स्प्रिंगची पकड होती. मोड हाडाच्या मध्यावर, जेथे पोकळी सर्वांत अरुंद असते तेथे, आणि आडवा असेल तर ती पुरे. पण हाडाचा चुरा झाला असेल किंवा मोड टोकाच्या रुंद भागात असेल, तर अशा दांड्यावर हाड टेलिस्कोपसारखे आखूड होत असे किंवा गरकन फिरत असे. त्यावर उपाय १९७० च्या दशकात जर्मनी व फ्रान्समध्ये रुळला: दांड्याच्या दोन्ही टोकांना आडवी छिद्रे ठेवायची आणि हाडातून, छिद्रातून, पुन्हा हाडातून असे स्क्रू पार करायचे. यालाच आज सगळे इंटरलॉकिंग नेल म्हणतात आणि आपण घरी रॉड म्हणतो. अमेरिकेतील सिएटलच्या सर्जनांनी १९८४ मध्ये बंद पद्धतीने, म्हणजे मोडाची जागा न उघडता, दांडा घातलेल्या ५२० मोडांचा अहवाल दिला. त्यांपैकी ९९ टक्के जुळले होते. त्यानंतर प्रौढांच्या मांडीच्या हाडाच्या मधल्या भागातील मोडासाठी दुसऱ्या पद्धतींना अपवादाचीच जागा उरली.

मोडाची जागा न उघडणे हा मुद्दा भेटायला आलेल्यांना समजावताना माझी फार दमछाक झाली. ‘टाके तर खुब्याजवळ आणि गुडघ्याजवळ आहेत, मग मधलं हाड जोडलं कसं?’ असा त्यांचा रास्त प्रश्न असे. उत्तर असे, की मधले हाड सर्जनांनी जोडलेलेच नाही. तुकड्यांना चिकटलेले स्नायू, हाडावरचे पातळ आवरण आणि मोडाभोवती साकळलेले रक्त यांतूनच नवे हाड तयार होते. तेथे चीर देऊन तुकडे चकचकीत जुळवायला गेले, तर चित्र सुंदर दिसते आणि तुकड्यांचा रक्तपुरवठा मात्र तुटतो. म्हणून रॉड आत राहून फक्त तीन गोष्टी धरून ठेवतो: लांबी, रेषा आणि पीळ. पुतण्याचा तो त्रिकोणी तुकडा एक्स-रेमध्ये हाडापासून बोटभर दूर तरंगताना पाहून माझी वहिनी घाबरली होती आणि खरे सांगायचे तर काटकोनात वाढलेला मीही अस्वस्थ झालो होतो. सर्जन शांतपणे म्हणाले, “तो आहे तिथंच राहू दे. चार महिन्यांनी त्याच्याभोवती हाड भरलेलं दिसेल.”

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. मणक्यातून भूल दिल्यावर रुग्णाला एका खास टेबलावर घेतात; पाऊल बुटात अडकवून टेबलाच्या दांड्याने ओढ देता येते आणि मध्ये सी-आर्म, म्हणजे हलत्या एक्स-रेचे यंत्र, फिरू शकते. त्वचेला छेद देण्याआधीच्या तासाभरात प्रतिजैविकाचा डोस शिरेतून जातो. मग खुब्याच्या वर दोन बोटांचा छेद घेऊन हाडाच्या माथ्यावर नेमक्या बिंदूला भोक पाडतात. हा बिंदू काही मिलिमीटर चुकला तरी पुढचे सगळे चुकते, कारण त्यातूनच दांड्याची दिशा ठरते. लेथवर सेंटर चुकीचे मारल्यावर पुढे कितीही जपून काम केले तरी वस्तू भंगारातच जाते, तसेच हे. काही मोडांत, विशेषतः खूप लठ्ठ रुग्णांत किंवा दोन्ही मांड्या मोडल्या असतील तेव्हा, गुडघ्यातून वरच्या दिशेनेही रॉड घालतात.

त्या भोकातून टोकाला मणी असलेली लांब तार खाली सरकवतात, आणि ओढ, दाब व युक्ती वापरून ती मोडाच्या पलीकडच्या तुकड्याच्या पोकळीत नेतात. तार पलीकडे गेली की निम्मी लढाई जिंकली, असे सर्जन म्हणाले. त्यानंतर तारेवरून लवचीक दांड्याचे रीमर फिरवत पोकळी अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने मोठी करत जातात. येथे माझे कान टवकारले. रीमिंग आम्हीही करत असू आणि बोथट रीमर दाबून चालवणाऱ्या पोराला फोरमनच्या शिव्या खाव्या लागत. वस्तू तापते आणि भोक बिघडते. हाडातही नेमके तेच आहे, फक्त किंमत मोठी. बोथट रीमर घाईने ढकलला तर हाड भाजून निघते आणि तो पिस्टनसारखा मज्जा पुढे रेटून चरबी रक्तात ढकलतो. म्हणून रीमर धारदार हवा, त्याच्या खाचा खोल हव्यात, आणि तो सावकाश चालवायला हवा. दुसऱ्या बाजूने, रीमिंगमुळे निघालेला हाडाचा भुगा मोडाजवळ साठून खतासारखा उपयोगी पडतो. पोकळीच्या आतल्या अंगाच्या रक्तवाहिन्या रीमरखाली जातात हे खरे, पण बाहेरच्या आवरणाकडून येणारा पुरवठा वाढून काही आठवड्यांत त्याची भरपाई करतो. आमच्याकडे पोकळी साडेअकरापर्यंत नेऊन १० मिलिमीटरचा रॉड घातला. दोहोंत दीड मिलिमीटरची ही सैल जागा ऐकून मी प्रथम दचकलो. मग आठवले, की मांडीचे हाड सरळ नसून पुढच्या बाजूला कमानीसारखे वाकलेले असते. मोजमापे पाहता या कमानीची त्रिज्या सरासरी १२० सेंटिमीटरच्या आसपास येते, तर बरीच वर्षे रॉड त्याहून बरेच सरळ बनत आले. वाकड्या भोकात सरळसर दांडा घट्ट मापाने ठोकला तर त्याचे टोक गुडघ्यावर हाडाची पुढची भिंत फोडू पाहणारच.

जाडीच्या निर्णयालाही सोपे यंत्रशास्त्र लागू पडते. दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे ९ ऐवजी १० मिलिमीटर घेतला की तो सुमारे दीडपट होतो आणि १२ घेतला तर १० च्या दुपटीहून थोडा अधिक. चालताना मांडीच्या हाडावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट असतो, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. तरीही कडकपणा वाढवत नेणे हा उद्देश असू शकत नाही. टायटॅनियमच्या मिश्रधातूची ताठरता स्टेनलेस स्टीलच्या साधारण निम्मी आहे, आणि हाडाची त्या दोहोंपेक्षा फारच कमी. थोडी लवचीक हालचाल मोडाला मिळाली तरच तेथे नव्या हाडाची गाठ धरते. रॉड हाडाच्या अक्षावर बसतो आणि भार हाडाबरोबर वाटून घेतो, तर प्लेट, म्हणजे हाडावर बाहेरून स्क्रूंनी बसवायची धातूची पट्टी, बाजूला, अक्षापासून दूर बसते आणि वाकण्याचा सगळा ताण तिच्यावर व तिच्या स्क्रूंवर येतो. मोड गुडघ्याच्या सांध्यापर्यंत उतरला असेल किंवा आत आधीच कृत्रिम सांध्याचा दांडा असेल, तेव्हा प्लेटच कामाला येते.

इम्पोर्टेड की इंडियन या प्रश्नाचे माझे उत्तर येथेच देऊन टाकतो. प्रमाणित धातूचा, योग्य लांबीचा, योग्य जाडीचा आणि योग्य ठिकाणी बसलेला देशी रॉड हा चुकीच्या बिंदूतून घातलेल्या परदेशी रॉडपेक्षा कितीतरी चांगला. काउंटरवर माझ्या भावाला हा प्रश्न जणू हॉटेलातल्या मेनूसारखा विचारला गेला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी सर्जनांकडे. ते म्हणाले, “मला ज्याचे सगळे साइझ आणि सगळी इन्स्ट्रुमेंट्स आज ऑपरेशन थिएटरमध्ये हवीत, तो द्या.” एखाद्या कारागिराने द्यावे तसे हे उत्तर होते.

स्क्रूंची गोष्ट मला सर्वांत आवडली. वरचे स्क्रू जिगमधून मारतात. रॉडला बाहेरून एक बाहू जोडलेला असतो आणि त्याची छिद्रे आतल्या छिद्रांशी जुळलेली असतात. खालच्या टोकाला मात्र बहुतेक वेळा हा जिग चालत नाही, कारण कमानीतून जाताना रॉड किंचित वाकतो व पिळतो, आणि ३८० मिलिमीटर अंतरावर तेवढ्याने छिद्र सरकते. मग सी-आर्म अशा कोनात आणतात, की रॉडमधले छिद्र पडद्यावर लंबगोल न दिसता पूर्ण गोल दिसेल. गोल दिसले याचा अर्थ क्ष-किरण छिद्राच्या अगदी अक्षावर आहेत. त्या गोलाच्या मध्यावर ड्रिलचे टोक टेकवायचे, ड्रिल किरणांच्या रेषेत उभे करायचे आणि भोक पाडायचे. मोकळ्या हाताने, मांसाआडून, न दिसणाऱ्या ५ मिलिमीटरच्या छिद्रात. टूलरूममध्ये आमच्याकडे यासाठी यंत्र होते, डायल होती आणि चुकले तर दुसरा तुकडा होता.

आणि मग पीळ. लांबी मोजता येते, रेषा पडद्यावर दिसते, पण वरचा तुकडा खालच्याच्या तुलनेत गोल फिरला आहे की नाही हे समोरच्या चित्रात सहज कळत नाही, आणि हाडाचा चुरा असेल तर कडा जुळवून पाहण्याचीही सोय नसते. १५ अंशांपेक्षा अधिक फरक राहिला तर पाऊल आत किंवा बाहेर वळलेले राहते व माणसाला ते आयुष्यभर जाणवत राहते. आमच्या सर्जनांनी शस्त्रक्रियेपूर्वी चांगल्या पायाचे एक चित्र घेऊन ठेवले होते: गुडघ्याची वाटी नेमकी छताकडे असताना खुब्याखालचा छोटा उंचवटा किती दिसतो याचे. मोडलेल्या बाजूला वाटी छताकडे करून तो उंचवटा तेवढाच दिसेपर्यंत त्यांनी तुकडा फिरवला आणि मगच खालचे स्क्रू मारले. सगळे झाल्यावर, भूल उतरण्याआधी, दोन्ही पाय शेजारी ठेवून लांबी पाहिली, दोन्ही खुबे आत-बाहेर फिरवून पाहिले, खुब्याच्या मानेचे पुन्हा एकदा चित्र घेतले आणि गुडघ्याचे अस्थिबंध हलवून तपासले. भेटायला येणाऱ्यांनी विचारावा असा प्रश्न मला विचाराल, तर तो हा आहे: पीळ तपासला का?

लहान मुलांचा मार्ग निराळा आहे. सोसायटीतल्या एका आठ वर्षांच्या मुलीला याच वर्षी दोन बारीक, लवचीक टायटॅनियमच्या सळया गुडघ्याच्या वरून घातल्या. फ्रान्समधील नान्सी येथे विकसित झालेली ही पद्धत वाढीच्या कूर्चेला धक्का लावत नाही. त्याहून लहान मुलांना बहुधा कमरेपासून पायापर्यंतचे प्लास्टरच पुरते, कारण त्यांची हाडे थोडा आखूडपणा व वाकडेपणा वाढीबरोबर भरून काढतात.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या आणि त्यांनी पुतण्याला वॉकरवर उभे केले. आमच्या घरात हा दिवस मोठ्या विरोधाचा ठरला. ‘परवा हाड मोडलं आणि आज उभा करताय?’ असे वहिनी म्हणाली आणि तिचे चुकले असे म्हणता येत नाही, कारण तिच्या डोळ्यांपुढे मामांच्या विटा होत्या. किती वजन टाकायचे हे मात्र मोड, रॉडची जाडी आणि सर्जनांचा निर्णय यांवर ठरते. आमच्याकडे पहिले सहा आठवडे अर्धे वजन सांगितले होते. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पोटात टोचायची इंजेक्शने चालू होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सर्वांत त्रासदायक ठरला तो गुडघा. मोड मांडीत आणि दुखणे गुडघ्यात, याने पोरगा वैतागला होता, परंतु मांडीचा मोठा स्नायू सुकला की गुडघा अडतो, म्हणून दिवसातून चार वेळा तो रडत-ओरडत वाकवला गेला.

सर्जनांनी पहिल्याच तपासणीत एक प्रश्न घरच्यांना बाहेर पाठवून विचारला, आणि पुतण्याने उत्तर दिल्यावर त्याची सिगारेट बंद झाली. तंबाखूने हाडाचे जुळणे लांबते, हे आता वादातीत आहे. मोड जुळला नाही तर पुढचे उपायही आहेत. कधी एका बाजूचा स्क्रू काढून हाडाला दबायला वाव देतात, कधी जुना रॉड काढून, पोकळी आणखी रीम करून, जाडसर रॉड घालतात. पण त्यांपैकी कशाचीही वेळ येऊ नये, एवढी धास्ती त्याला त्या खोलीत पुरेशी बसली होती.

सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये मोडाभोवती धुक्यासारखी पांढुरकी सावली दिसली. डिसेंबरातल्या फिल्ममध्ये चारांपैकी तीन बाजूंनी हाड सांधलेले होते आणि तो तरंगता त्रिकोणी तुकडा, सर्जन म्हणाले होते तसा, नव्या हाडात बुडून गेला होता. त्याच महिन्यात एका रविवारी तो जेवायला पाटावर मांडी घालून बसला. उजवा गुडघा डाव्यापेक्षा चार बोटे वर राहतो आहे, पण बसला.

रॉड काढण्याचे म्हणाल, तर दीड वर्षाच्या आत तो विषय काढू नका असे सांगितले आहे, आणि त्रास नसेल तर तो आत राहिला तरी चालतो. काढायचा ठरलाच, तर वरच्या टोकाच्या आट्यांत बसणारे काढण्याचे हत्यार त्याच कंपनीचे व त्याच मालिकेचे लागते, हे मला डिस्चार्जच्या वेळी कळले. शस्त्रक्रियेच्या नोंदीवर रॉडच्या व चारही स्क्रूंच्या पाकिटांवरची चिकटपत्रे लावलेली असतात, माप व लॉट क्रमांकासह. त्यांची रंगीत झेरॉक्स मी तीन प्रतींत काढली. एक भावाच्या फायलीत आहे, एक पुतण्याच्या फोनमध्ये फोटो म्हणून आहे, आणि तिसरी माझ्याकडे, कपाटात, जुन्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर.